सोमवारपासून ताई येणार आहेत

तीर्थरूप आई आणि बाबांस,

साष्टांग नमस्कार.

येत्या सोमवारपासून सकाळी साडेनऊ वाजता एक फिजिओथेरपिस्ट ताई तुम्हा दोघांना तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकवायला आपल्या घरी येणार आहेत. त्यांचे पहिल्या दोन महिन्यांचे पैसे मी भरून ठेवले आहेत, आणि न्हाणीघरात व संडासात धरायला दांडे बसवण्यासाठी दादाने गवंड्याला शनिवारी बोलावले आहे. हे फोनवर सांगितले असते तर बाबांनी "आम्हाला काय धाड भरली आहे?" असे म्हणून विषय मिटवला असता आणि आईने लगेच "तुमच्याकडे थंडी किती आहे?" असे विचारले असते, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र वाचताना मध्येच बोलून मला थांबवता येत नाही.

तुम्हाला न विचारता ठरवले याचा राग येईल, तो यावा. पण माईआत्याच्या वेळी "दिवाळी झाली की बघू" असे ठरले होते, आणि पुढचे इथे लिहिण्याची गरज नाही. या वेळी दिवाळीच्या आधी बघायचे आहे. दादाचे आणि माझे यावर एकमत झाले, ही गोष्ट आपल्या घरात किती वेळा घडते हे तुम्हीच आठवून पाहा.

तुम्हा दोघांना काही आजार झाला आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. मी मे महिन्यात आले होते तेव्हा दोन गोष्टी माझ्या नजरेत आल्या, त्या सांगते. आई जिना उतरताना आता आडवी होऊन, भिंतीला तळहात लावून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरते, आणि संध्याकाळी देवळात जायचे तिने "गुडघे कुरकुरतात" या सबबीवर बंद केले आहे. आई, गुडघे कुरकुरतात हे खरे आहे, पण खरे कारण पडण्याची भीती आहे, हे तू मला नाही तरी वहिनीला सांगितले आहेस. ही भीती चुकीची नाही. मात्र तिच्यापायी माणूस हिंडणे-फिरणे कमी करतो, त्यामुळे मांड्या आणि पोटऱ्या आणखी अशक्त होतात, आणि मग पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. या चक्रातून विश्रांती घेऊन बाहेर पडता येत नाही.

दुसरी गोष्ट बाबांची. बाबा, तुम्ही चालता चालता बोलू लागलात की थांबता. मुद्दा पटवून देताना तुम्ही पूर्वीही राजवाड्यासमोर भर रस्त्यात थांबत होतात आणि आई चार पावले पुढे जाऊन ताटकळत उभी राहायची, हे मला आठवते. पण आता "दूध आणायचे आहे का?" एवढ्या साध्या प्रश्नालाही तुमचे पाय थांबतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली वृद्धाश्रमातल्या माणसांचे नेमके हेच निरीक्षण प्रसिद्ध केले होते, आणि बोलण्यासाठी चालणे थांबवावे लागणारी माणसे पुढच्या काही महिन्यांत पडण्याची शक्यता अधिक असल्याचे त्यांना आढळले. याचा अर्थ बुद्धीत काही बिघाड झाला असा नाही, हे मी अधोरेखित करून लिहिते. वय वाढते तसे चालणे हे पूर्वीसारखे आपोआप होत नाही, त्याला लक्ष द्यावे लागते, आणि ते लक्ष बोलण्याकडे वळले की पावलांना कमी पडते, एवढाच याचा अर्थ आहे. शिवाय हे सरावाने सुधारण्यासारखे आहे, म्हणूनच मी ते लिहिते आहे. नाहीतर गप्प राहिले असते.

आता बाबांचा आक्षेप मला इथे बसून ऐकू येतो: "मी रोज चालतो, मग व्यायाम निराळा कशाला?" तुमचे रोजचे चालणे हृदयासाठी, साखरेसाठी आणि मेंदूसाठीही चांगले आहे आणि ते बंद करायचे नाही. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० वयस्कर माणसांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस नियमाने चालायला लावले, तेव्हा स्मरणशक्तीशी संबंधित असलेला मेंदूचा जो भाग वयाबरोबर आक्रसतो तो त्यांच्यात सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि ज्यांनी केवळ अंग ताणण्याचे व्यायाम केले त्यांच्यात तो घटला. त्यामुळे अजिंक्यताऱ्याच्या चढणीवर तुम्ही इतकी वर्षे झिजवलेल्या चपलांचा हिशेब वाया गेलेला नाही. पण तोल ही वेगळी बाब आहे. वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली १०८ चाचण्यांचे, म्हणजे २३,००० हून अधिक माणसांचे आकडे एकत्र मांडले. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते असे त्यातून दिसले, परंतु हा गुण प्रामुख्याने तोलाच्या आणि उठण्या-बसण्यासारख्या रोजच्या हालचालींच्या सरावाचा होता. नुसत्या चालण्याने पडणे टळते असे त्यातून सिद्ध झाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली ६५ वर्षांवरील माणसांना चालण्याखेरीज आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम करायला सांगितले आहे. तुम्ही आयुष्यभर बँकेत आकडा दाखवल्याशिवाय कोणाचे ऐकले नाही, म्हणून एवढे आकडे लिहिले.

तोल सांभाळायला तीन गोष्टी लागतात: डोळे, आतला कान, आणि तळव्यांतून व सांध्यांतून मिळणारी जमिनीची जाणीव. या तिघांकडून आलेला निरोप मेंदूने जुळवायचा आणि पायांनी वेळेत पाऊल टाकायचे. वयाने तिन्ही थोडी थोडी मंदावतात, आणि सपाट रस्त्यावर सरळ चालताना त्यांची परीक्षाच होत नाही. परीक्षा होते ती अंधारात उठताना, ओल्या फरशीवर वळताना आणि हाक आली म्हणून एकदम मागे फिरताना, म्हणजे घरातच. म्हणून सराव घरात करायचा.

ताई जे शिकवणार आहेत ते मूळचे मी राहते त्या न्यूझीलंडमधल्या डनीडिनचेच आहे, आणि हा योगायोग मला फार आवडला. इथल्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ८० वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या २३३ बायकांवर केलेला प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात फिजिओथेरपिस्टने सुरुवातीच्या दोन महिन्यांत चार वेळा घरी जाऊन व्यायाम बसवून दिले आणि पुढे त्या बायकांनी ते आपापल्या घरी चालू ठेवले. नंतर अशा चार प्रयोगांतल्या हजारावर माणसांचे आकडे एकत्र पाहिले, तेव्हा पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलेले आढळले. त्यात कोणतेही यंत्र नाही, जिममध्ये जाणे नाही, पायाला बांधायची थोडी वजने सोडली तर विकत आणायचे काही नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणे आणि बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, मग चवडे उचलणे, बाजूला पावले टाकणे, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालणे, इंग्रजी आठच्या आकड्यात फिरणे, एका पायावर उभे राहणे. जमू लागले की आधाराचा हात हळूहळू सोडायचा. तोल जरासा डळमळला पाहिजे, नाहीतर तो शिकत नाही. म्हणून ओटा हाताशी पाहिजेच आणि पहिले काही आठवडे दुसरे माणूस खोलीत पाहिजे. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. पाऊस लागला की बाबांचे फिरणे चार-चार दिवस बंद होते, याचे होणार नाही.

आणि आई, एका पायावर उभे राहायला तुला कोणी शिकवावे हीच मुळात गंमत आहे. शाळेच्या लंगडीच्या संघात तू होतीस ही गोष्ट आम्हाला खोटी वाटायची, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत तू गच्चीवर पदर खोचून दादाला आणि मला लंगडी घालत एकामागून एक बाद केले होतेस, आणि मी रडायला लागल्यावर मला जिंकू देण्यासाठी मुद्दाम पाय टेकवला होतास. मला तेव्हाच कळले होते, पण मी बोलले नाही. त्या पायांवर माझा अजून विश्वास आहे. लंगडी घालायला मात्र सांगत नाही, घालू नकोस.

बुद्धीसाठी ताई याच व्यायामाला जोड देतील. बाजूने पावले टाकताना किंवा इंग्रजी आठ काढताना तोंडाने काहीतरी हिशेबाचे म्हणायचे, म्हणजे चालणे आणि विचार एकाच वेळी चालवण्याचा सराव होतो. बाबांनी अण्णांकडून शिकलेली पावकी आणि निमकी, म्हणजे पावाचे आणि अर्ध्याचे पाढे म्हणावेत, आणि ते सहज जमले तर उलटे म्हणावेत. आईने रामरक्षा म्हणून भागणार नाही, कारण ती तुला इतकी पाठ आहे की डोक्याला कष्टच पडत नाहीत. तू मराठी महिने फाल्गुनापासून मागे म्हण, किंवा नक्षत्रे एक सोडून एक. चुकलात तर हसा. विसराळूपणा व्यायामाने कायमचा टळतो असे कोणताही शहाणा डॉक्टर सांगणार नाही आणि मीही सांगत नाही. परंतु फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० माणसांवर दोन वर्षे झालेल्या चाचणीत आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबासारख्या गोष्टींवर लक्ष या चारही एकत्र चालवल्यावर विचारशक्ती अधिक चांगली राहिली, आणि मला तेवढा आधार पुरेसा वाटतो.

तुमच्या दिवसाची घडी मोडणार नाही याची मी काळजी घेतली आहे. साडेनऊची वेळ निवडली ती बाबांचा दुसरा चहा आणि पेपर आटोपलेला असतो व आईची पूजा झालेली असते म्हणून. दुपारच्या झोपेला कोणी हात लावणार नाही. देवघर जागचे हलणार नाही, न्हाणीघरातली फरशी तीच राहील, दांड्यांसाठी लागतील तेवढीच भोके पडतील. झोपाळाही जाणार नाही. फक्त उठण्यापूर्वी तो पूर्ण थांबवायचा, दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे आणि मगच उभे राहायचे. बाबा, तुम्ही तो चालू असतानाच उतरता, हे मी पाहिले आहे.

आता जे सांगते त्यावर चर्चा नको. रात्री उठताना पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसावे, कारण रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला एकदम उभे राहिल्यावर चक्कर येऊ शकते. पुढच्या वेळी डॉक्टरांकडून आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून घ्यावा. ब१२ आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी दोघांनी करून घ्यावी, पण शेजारच्या काकू घेतात म्हणून कोणतीही गोळी आपल्या मनाने सुरू करू नये. झोपेच्या गोळीने तोल बिघडू शकतो, त्यामुळे बाबांनी ती चालू ठेवायची की नाही हे डॉक्टरांना विचारावे आणि तोवर परस्पर बंदही करू नये. बाबांच्या नव्या चष्म्याच्या खालच्या भागातून पायऱ्या धूसर दिसतात, म्हणून जिना उतरताना मान खाली घालून वरच्या काचेतून पाहावे. न्हाणीघराबाहेरचे घसरते पायपुसणे दादा शनिवारी माळ्यावर टाकणार आहे. आई, ते तिथून परत काढू नकोस. व्यायाम करताना छातीत दुखले, दम लागला किंवा गरगरले तर तिथेच बसायचे आणि ताईंना सांगायचे, "पाहुण्यांसमोर कशाला" म्हणून लपवायचे नाही.

पहिल्या दिवशी ताई दोन चाचण्या घेतील. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे, याला लागलेले सेकंद मोजतील. बारा किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे धरतात. मग अर्ध्या मिनिटात हात न लावता किती वेळा उठता येते ते मोजतील. दोघांचेही आकडे बाबांनी वहीत तारखेसह लिहून ठेवावेत आणि महिन्याने पुन्हा मोजावेत. आईचा आकडा बाबांपेक्षा चांगला आला तर तोही प्रामाणिकपणे लिहावा. दोन महिने करून पाहा. त्यानंतर बंद करावेसे वाटले तर मी वाद घालणार नाही, वही मात्र मागेन.

मी डिसेंबरात येते आहे. तिकीट काढले आहे.

तुमची,
मनू

ता. क. आई, ताईंना पोहे आणि चहा दे, पण व्यायाम झाल्यावर. आधी दिलेस तर गप्पांतच साडेदहा वाजतील आणि तुला तेच हवे असेल.