मराठीला जो न्याय, तोच गोंडीला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेतला गेला, तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो. सहा वर्षांच्या पोराला आधी त्याच्या घरची भाषा नीट शिकू द्या, हे आपल्या सगळ्यांचे म्हणणे होते आणि ते रास्तच होते.

हेच म्हणणे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मोहगाव २०१९ पासून मांडत आहे. फरक एवढाच, की तिथल्या पोरांसाठी परकी भाषा म्हणजे आपली मराठी. मोहगावच्या ग्रामसभेने ठराव करून गोंडी, म्हणजे गोंड आदिवासींच्या भाषेच्या, माध्यमाची शाळा काढली आणि तिला नाव दिले ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल’. (गोटूल म्हटले की डोळे मिचकावणारे शहाणे आमच्या शिक्षक-खोलीतही होते. गावातली जाणती माणसे पोरांना गाणी, रीतीभाती आणि जंगलाची ओळख देतात ती ही जागा, हे त्यांच्या गावीही नव्हते.) २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ही शाळा अनधिकृत ठरवली. शिक्षण हक्क कायद्यात अशा शाळेला १ लाखापर्यंत दंड आणि त्यानंतरही ती चालू ठेवली तर दर दिवशी १० हजार रुपये, अशी तरतूद आहे. गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठवावे लागले.

नियम म्हणजे नियम, हे मला कळते. आयुष्यभर मी तेच केले. त्याच भागात नोकरीला लागलो तेव्हा मला गोंडीचा एक शब्दही येत नव्हता. पहिल्याच आठवड्यात दुसरीतला एक मुलगा समोर येऊन ‘एर, एर’ म्हणू लागला. मला वाटले, थट्टा करतो आहे. दरडावून खाली बसवले. मधल्या सुट्टीत तो हातपंपाला तोंड लावून गटागटा पाणी पिताना दिसला. एर म्हणजे पाणी, हे मला खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी सांगितले. दिवाळीनंतर तो मुलगा शाळेत आलाच नाही. हजेरीपटावर मी त्याच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारला आणि पान उलटले.

दवाखान्यातही हेच होते. कुठे दुखते, कसे दुखते, ठणकते की कळ येते, हे बाईला आपल्या भाषेत सांगता आले नाही तर ती आधी पुजाऱ्याकडेच, म्हणजे गावातल्या वैदू-मांत्रिकाकडेच, जाणार. म्हणून पुजाऱ्याचे सगळे बरोबर, असे मी म्हणत नाही. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देतात, त्याला परंपरा म्हणून पाठीशी घालता येणार नाही. पण त्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे पटवायचे तर गावाशी गावाच्या बोलीत बोलायला हवे. याच धानोरा रस्त्यावर शोधग्रामला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी लोकांना विचारले. म्हणून तो झोपड्यांच्या पाड्यासारखा बांधला गेला आणि त्याला लोकांच्या देवीचे, दंतेश्वरीचे नाव मिळाले. विचारल्याने एवढा फरक पडतो.

न्यूझीलंडच्या माओरींनी १९८२ मध्ये ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, सुरू केली. नातवंडांशी दिवसभर माओरीतच बोलायला तिथे आज्या बसत, डी.एड. झालेल्या बाई नव्हेत. पाच वर्षांत, १९८७ साली, माओरी देशाची अधिकृत भाषा झाली. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख भरले, तरी राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत, तिला जागा नाही. संस्कृतला आहे, तिचे बोलणारे त्याच जनगणनेत २५ हजारसुद्धा नव्हते. गोंडी कुठल्या लिपीत लिहावी यावर गोंडांमध्ये मतभेद आहेत म्हणे. असू देत, ते त्यांचे ते बघतील.

राज्यघटनेचा ३५०क हा अनुच्छेद प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगतो. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आपली परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम असल्याचे मानतो. तेव्हा मोहगावसारख्या शाळांना मान्यता देताना मैदानाचे माप आणि खोल्यांची संख्या यांच्या पलीकडे बघणारी वेगळी नियमावली शासनाने करावी. गोंडी येणाऱ्या गावातल्या तरुणांना शिक्षक म्हणून मानधन द्यावे, म्हाताऱ्यांना तासाला बोलवायची मुभा द्यावी, पाठ्यपुस्तके ग्रामसभेबरोबर बसून करावीत आणि मराठी तिसरीपासून हळूहळू आणावी. तोवर दंडाची भाषा थांबवावी. आणि त्या भागात बदलीवर जाणाऱ्या शिक्षकाला रुजू होण्याआधी निदान तीन महिने गोंडी शिकवावी. मला कोणी शिकवली असती तर त्या पोराला पाणी तरी वेळेवर मिळाले असते.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, आरमोरी