गिअरबॉक्स बदला म्हणण्याआधी बिघाड लेखी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा डावा पाय लहानपणच्या पोलिओने अधू आहे. क्लच दाबणं मला जमत नाही. ऑटोमॅटिक गाडी दारात आहे म्हणूनच कुणाची विनवणी न करता मी घराबाहेर पडू शकतो. पाच वर्षांपूर्वी पतसंस्थेचं कर्ज काढून ३ लाख ४० हजारांना जुनी गाडी घेतली. तिचा गिअरबॉक्स गेल्या मे महिन्यात गेला, तेव्हा जे अनुभवलं ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

आईचे डोळे दाखवून पुण्याहून कराडला परत येत होतो. खंबाटकी निम्मा चढलो असेन, तोच इंजिन नुसतंच रेस घ्यायला लागलं. काटा चार हजारांवर, आणि गाडी जागची हलेना. तशीच रेटली नाही, कडेला घेऊन बंद केली. गाडी वाचली ती त्यामुळेच, हे पुढे मिस्त्रींनी सांगितलं. क्रेनवाला मागची चाकं उचलून न्यायला निघाला होता. मी हट्टाने नको म्हटलं. गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना पुढची, म्हणजे ओढणारी चाकं रस्त्यावर फिरत राहिली, तर आतले भाग तेलाविना घासतात. अख्खी गाडी ट्रकवर चढवून आणायला साडेसहा हजार गेले, पण ते वाया गेले नाहीत.

कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात गाडी तीन दिवस होती. स्कॅनर लावला आणि अंदाजपत्रक हातात दिलं : गिअरबॉक्स असेंब्ली, म्हणजे अख्खा नवा गिअरबॉक्स, २ लाख ९४ हजार. बिघाड नेमका कशात आहे, असं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘आम्ही गिअरबॉक्स खोलत नाही, असेंब्लीच बदलतो.’ खालचा ऑइल पॅनसुद्धा उघडला नव्हता. विमा कंपनीला फोन केला. अपघात नसेल तर यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही. घरात ४० हजार होते, तेही मुलीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले. त्या रात्री गाडी भंगारात काढायची असंच बायकोशी बोलणं झालं.

मग मुंबईत कुर्ल्याला, गाड्यांच्या जुन्या भागांच्या बाजारात, फोन केले. माझ्या मॉडेलचा जुना गिअरबॉक्स ‘चालू कंडिशन’मध्ये ५२ हजारांना मिळत होता, सात दिवसांच्या हमीवर. पैसे पाठवणार, एवढ्यात एका ओळखीच्या ड्रायव्हरने कोल्हापूरच्या एका मिस्त्रींचं नाव सांगितलं. त्यांनी अकरा वर्षं शारजात नुसते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच खोलले आहेत. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘गाडी उभी असते तिथं जमिनीवर डाग पडतो का?’ पडत होता. आमच्या शहाबादी फरशीवर सहा महिने तांबूस डाग होता, एसीचं पाणी असेल म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केलं. पाण्याचा डाग तांबूस पडत नाही, हे मला कळायला हवं होतं. गाडी ‘डी’मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, टाकली की क्षणभर थांबून झटका द्यायची, ती खूणसुद्धा मी ओळखली नाही.

त्यांनी माझ्यासमोर पॅन उतरवला. आतल्या चुंबकावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप होता. तो बोटांवर चोळून दाखवत ते म्हणाले, ‘एवढी झीज होतेच. पत्र्याचे कण लागले असते, तर मीच तुम्हाला खर्च करू नका म्हटलं असतं.’ तेल काळपट झालं होतं, पण करपल्याचा वास फारसा नव्हता. तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणारा पाइप चिरला होता. तेल गळून कमी झालं, चढावर पंपाने हवा ओढली, दाब पडला आणि आतल्या क्लचप्लेटा घसरल्या. एक सोलेनॉइड, म्हणजे तेलाची वाट उघडबंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, तोही गेला होता. पाइप, फिल्टर, गॅस्केट, सोलेनॉइड, आठ लिटर तेल आणि मजुरी धरून ३१ हजार १०० रुपये झाले. पॅनमधून निम्मंच तेल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, राहतं. म्हणून आठवड्याने परत बोलावून पुन्हा बदललं. कुर्ल्याचा गिअरबॉक्स आणला असता आणि तोच चिरका पाइप व गाळ भरलेला कूलर त्याला जोडला असता, तर तोही गेला असता.

प्रत्येकाचं काम ३१ हजारांत होईल असं मी म्हणत नाही. प्लेटा जळल्या असतील तर खर्च दुपटी-तिपटीवर जातो. एएमटी गाड्यांचं तंत्र निराळं. त्यात गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. तिथे आधी क्लचप्लेट आणि ते यंत्र, म्हणजे ॲक्च्युएटर, तपासून घ्यावा.

माझी मागणी साधी आहे. असेंब्ली बदलायला सांगण्याआधी स्कॅनरवर आलेले बिघाडाचे कोड, तेलाची पातळी आणि पॅन उघडून काय दिसलं, हे ग्राहकाला लेखी द्यावं. त्याचे दोन-तीन हजार घेतले तरी चालतील. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे.

तरीही माझ्या मिस्त्रींकडे आजही एक दोनशे पानी वही आहे. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला तेल मोजायची पट्टी नाही. गाडी लिफ्टवर चालू ठेवून, तेल ठरलेल्या तापमानाला आलं की बाजूचा नट काढायचा आणि बारीक धार पडते का ते पाहायचं. ते तापमान प्रत्येक मॉडेलला वेगळं. कुठे किती, कुठलं तेल चालतं, हे त्यांनी विचारून, चुकून, पुन्हा करून त्या वहीत पेनाने उतरवलं आहे. नवीन मॉडेल आलं की ते पान कोरं असतं आणि ते गाडी परत पाठवतात. ही माहिती कंपन्यांनी त्या पोर्टलवर, मराठीतही, विनामूल्य टाकावी असा आदेश केंद्र सरकारने काढावा, आणि आपल्या दैनिकाने त्याचा पाठपुरावा करावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, कराड (जि. सातारा)