ज्युदोत आधी हात, मग गुडघे

मा. संपादक,
स. न.

वार्षिक परीक्षा आटोपत आल्या आहेत. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत उन्हाळी शिबिरांचे फलक झळकू लागले आहेत आणि त्यांत ज्युदोही आहे, याचा मनापासून आनंद आहे. मात्र शालेय गटांतल्या लढती पाहताना एक गोष्ट सतत खटकते. दहा-बारा वर्षांची मुले समोरच्याची बाही जेमतेम धरतात, पाठ फिरवतात आणि दोन्ही गुडघ्यांवर धाडकन बसून त्याला डोक्यावरून ओढायला जातात. दोन्ही गुडघे टेकून करायची ही सेओई नागे (समोरच्याला पाठीवर घेऊन टाकायची फेक) लहान वयात शिकवू नये आणि हाताच्या फेकींची सुरुवात उभ्याने करायच्या ताई ओतोशीपासून (समोरच्याचा पाय अडवून हातांनी टाकायची फेक) करावी, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र. कारणे तांत्रिक आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय लढतींत गुडघे टेकलेली सेओई नागे चालते. बुटका, चपळ खेळाडू उंच प्रतिस्पर्ध्याच्या खाली घुसतो तेव्हा ती प्रभावीही ठरते. पण त्याच्या हातांनी समोरच्याचा तोल आधीच काढलेला असतो, गुडघे टेकणे हा अगदी शेवटचा भाग. मुले मोबाइलवर नेमका तेवढाच भाग पाहतात. तोल न काढता खाली बसले, की समोरचा मागे झुकून उभा राहतो आणि आपले मूल त्याच्यापुढे पाठ करून पालथे सापडते. तिथून उलटवून वीस सेकंद दाबून धरले की लढत संपली. नाहीतर पंच खोटा हल्ला म्हणून शिदो, म्हणजे दंडाचा इशारा, देतात, आणि तिसऱ्या शिदोला खेळाडू बाद. याहून वाईट म्हणजे समोरचे मूल पुढे कोसळते तेव्हा त्याची बाही सुटलेली असते, आणि ते पाठीवर पडण्याऐवजी डोक्यावर किंवा खांद्याच्या टोकावर पडते.

जपानमध्ये बालगटाच्या नियमांत दोन्ही गुडघे एकदम टेकून सेओई नागे करायला मनाई आहे. १९८३ पासूनच्या तीन दशकांत तिथल्या शालेय ज्युदोत शंभराहून अधिक मुलांचे प्राण गेले, त्यांत डोक्याच्या दुखापतींचा वाटा मोठा होता. जिंकण्याच्या हट्टाला आळा बसावा म्हणून अखिल जपान ज्युदो महासंघाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. ज्या देशात १८८२ साली ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी कोदोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेची स्थापना केली, त्या देशाने घेतलेला हा निर्णय आहे.

आता ताई ओतोशीच का, ते सांगतो. कोदोकानच्या मान्यताप्राप्त ६८ फेकींपैकी १६ हाताच्या गटात मोडतात. त्यांतल्या मोरोते गारी, किबिसु गाएशी अशा पाय धरून करायच्या फेकी २०१० नंतर टप्प्याटप्प्याने स्पर्धांतून हद्दपार झाल्या. उरलेल्यांत शाळकरी मुलांच्या रोजच्या उपयोगाच्या दोनच, सेओई नागे आणि ताई ओतोशी. पकड तीच, वळणेही जवळजवळ तेच. फरक एवढा, की सेओईत समोरच्याला पाठीवर घेतात आणि ताई ओतोशीत आपली कंबर त्याला लागतच नाही, दोघांत वीतभर जागा मोकळी राहते. हात चुकले तर सावरून घ्यायला कंबर नाही, त्यामुळे चूक तिथल्या तिथे उघडी पडते. शिकवणाऱ्याला आणखी काय हवे?

उजव्या हाताच्या खेळाडूसाठी कृती अशी. डाव्या हाताने समोरच्याची उजवी बाही कोपराच्या बाहेरच्या बाजूने आणि उजव्या हाताने त्याची डावी कॉलर गळ्याच्या हाडाजवळ धरायची. पकड करंगळीकडच्या तीन बोटांची, तर्जनी सैल. ओढण्याआधी बाहीचे सैल कापड मुठीत गोळा झाले पाहिजे, नाहीतर पहिली सगळी ओढ कापडातच जिरते. तोल काढायचा तो त्याच्या उजव्या पायाच्या करंगळीच्या दिशेने, पुढे आणि थोडा बाहेर. मनगटावरचे घड्याळ बघताना हात उचलतो तसा डावा हात आडवा डोळ्यांच्या उंचीला येतो. उजवी मूठ त्याच्या जबड्याखाली वर ढकलते, कोपर खाली आणि त्याच्या छातीलगत, मनगट सरळ.

मग पाय. उजवा चवडा त्याच्या दोन पावलांच्या मधोमध, पण वीतभर अलीकडे. त्यावर वळत डावा पाय मागून फिरवून त्याच्या डाव्या पावलापुढे ठेवायचा आणि डावा गुडघा चांगला वाकवायचा, कारण वजन मुख्यतः याच पायावर राहणार आहे. शेवटी उजवा पाय त्याच्या उजव्या पावलाच्या बाहेर जातो. पोटरीचा खालचा भाग त्याच्या घोट्याच्या चार बोटे वर लागतो, टाच उचललेली, चवडा मॅटवर, गुडघा किंचित वाकलेला आणि वाटी मॅटकडे. मान डावीकडे फिरते, डावा हात डोळ्यांपासून डाव्या कमरेकडे येतो, उजवी मूठ त्याच दिशेने ढकलत राहते आणि उजवा गुडघा झटक्यात सरळ होतो.

मुले सर्वांत जास्त चुकतात ती डाव्या हातात. पाय वळायला लागले की हात पोटाशी उतरतो, समोरच्याची टाच पुन्हा मॅटवर टेकते आणि मग पायाने कितीही अडवा, तो नुसता पाय ओलांडून पुढे जातो. दुसरी चूक अंतराची. पावले फार जवळ पडली की फेकणारा कंबरेत वाकतो, पार्श्वभाग समोरच्याला टेकतो आणि मागून उलटा डाव बसतो. सर्वांत धोक्याची चूक उजव्या पायाची. तो उंच, समोरच्याच्या गुडघ्यावर आडवा पडला तर त्याचे वजन रोवलेल्या पायावर आणि पीळ गुडघ्याला, म्हणजे आतल्या बाजूचा अस्थिबंध गेलाच म्हणून समजा. फेकणाऱ्याने वाटी बाजूला वळवून पाय ताठ ठेवला, तर तीच गत त्याच्या स्वतःच्या गुडघ्याची. मूल सेओईकडे वळले की कोपराचेही पाहावे. उजवे मनगट मागे मोडून कोपर समोरच्याच्या काखेत न शिरताच ओढले, तर कोपराची आतली बाजू दुखावते, आणि वाढत्या वयात ते दुखणे लवकर हटत नाही.

फेक झाल्यावरही डाव्या हाताचे काम संपत नाही. पडणाऱ्याची उजवी बाही शेवटपर्यंत धरून किंचित वर खेचायची, म्हणजे त्याचे डोके मॅटला लागत नाही आणि त्याचा डावा हात मॅटवर थाप मारायला मोकळा राहतो. तोल काढणारा हात आणि जोडीदाराचे डोके वाचवणारा हात एकच आहे. तो तयार नसताना गुडघ्यांवर बसायला शिकवणे म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम सोडून देणे.

शिबिर सहा आठवड्यांचे असेल तर पहिले दोन आठवडे फक्त उकेमीला, म्हणजे सुरक्षित पडण्याच्या सरावाला, द्यावेत. मागे, दोन्ही कुशींवर, मग पुढची कोलांटी, आधी बसून, मग उकिडवे, मग उभ्याने. हनुवटी छातीला आणि थाप मारणारा हात अंगापासून फार लांब नाही. त्यानंतर ताई ओतोशीत पडणाऱ्याला एका गुडघ्यावर बसवावे, म्हणजे पडण्याची उंची निम्मी होते आणि भीती जाते. तोल खरोखर निघतो का हे पाहायला जुन्या वर्तमानपत्राची पट्टी पुरते. उभ्या जोडीदाराच्या उजव्या टाचेखाली पट्टी ठेवायची आणि तिसऱ्या मुलाने ती धरून बसायचे. ओढ बरोबर असेल तर पट्टी अलगद निघते, चुकीची असेल तर फाटते. मुलांना हे फार आवडते, आणि टाच उचलली गेली की नाही यावर वाद उरत नाही.

घरी सराव करायला सायकलची जुनी ट्यूब घ्यावी. खिडकीच्या गजाला खांद्याच्या उंचीवर अडकवून दोन टोके दोन हातांत धरायची आणि वळायचे. वळताना ट्यूब क्षणभर जरी ढिली पडली तरी ओढ तुटली असे समजावे. मॅटवर उचीकोमी (फेकीच्या तयारीपर्यंतच्या हालचालीची आवर्तने) दहा-दहाचे पाच संच पुरे, आणि प्रत्येक दहावी फेक पूर्ण करायची. एका दमात पन्नास-पन्नास उचीकोमी करवून घेण्याचा प्रकार मला पटत नाही, दमलेले मूल चुकीचाच हात पक्का करते. जोडीदारानेही ना मागे रेलावे, ना आपणहून उडी मारावी. उभ्याने जमले की चालत. समोरच्याचा उजवा पाय पुढे टेकतो आणि वजन त्यावर येऊ लागते, तो क्षण पकडायचा. आधी ओउची गारीची (आतून पाय अडकवून मागे पाडायच्या फेकीची) धमकी देऊन तो पुढे ढकलू लागला की ताई ओतोशी, ही जोडी शेवटच्या आठवड्यात शिकवता येते.

वडोदऱ्याला तालमींची मोठी परंपरा आहे. प्रो. माणिकराव आणि जुम्मादादा व्यायाम मंदिर ही नावे इथल्या मराठी घरांत आजही आदराने घेतली जातात. तालमीतून आलेली मुले ज्युदोत लवकर पुढे येतात, कारण पाय मजबूत असतात आणि बसकण खाली असते. त्यांना धोबीपछाड ठाऊक असते आणि इप्पोन सेओई नागेचे (एका हातावर धरून करायच्या सेओईचे) तिच्याशी जवळचे नाते आहे. मात्र कुस्तीत उघड्या अंगावर दंड धरून पाठ देण्याची सवय झालेली असते, त्यामुळे ज्युदोगीचे कापड हातात आले तरी ती बाहीने तोल काढत नाहीत, थेट पाठ देतात. अशा मुलांना तर ताई ओतोशी आधी शिकवलीच पाहिजे. त्यांना काही दाखवायचेच असेल, तर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये दुखऱ्या गुडघ्यानिशी ७१ किलो गटाचे सुवर्ण जिंकणारे तोशिहिको कोगा यांची उभ्याने केलेली इप्पोन सेओई नागे दाखवावी.

शालेय स्पर्धांच्या आणि गुजरात सरकारच्या खेल महाकुंभ या क्रीडास्पर्धेच्या स्थानिक आयोजकांना विनंती, की बारा वर्षांखालील गटात दोन्ही गुडघे एकदम टेकून केलेल्या सेओई नागेला गुण देऊ नयेत, पंचांनी तिथेच 'माते' म्हणून लढत थांबवावी. शिबिर भरवणाऱ्यांनी मॅट किमान चार सेंटीमीटर जाडीच्या वापराव्यात आणि दोन मॅटमध्ये फट राहू देऊ नये, वळताना चवडा नेमका तिथे अडकतो. पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी अर्धा तास मॅटशेजारी बसून पाहावे. फेकणारे मूल फेकल्यानंतर जोडीदाराची बाही धरून ठेवते का, आणि नसेल धरत तर प्रशिक्षक त्याला थांबवतात का, हे पाहून मगच नाव नोंदवावे.

आपला,
एक ज्युदो प्रशिक्षक, वडोदरा