हेडवर बोट ठेवण्याआधी

नारायण पेठ, पुणे
रविवार

प्रिय दिल्या,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या फ्लेक्स छापायच्या मशीनच्या टेस्ट प्रिंटचे, म्हणजे प्रत्येक रंगाच्या बारीक रेघा मारून बघतो त्या छापाचे, दोन्ही फोटो मिळाले. फोनवर सांगितलं तर अर्धं तू मशीनपाशी पोचेपर्यंत विसरशील, म्हणून लिहूनच काढतोय. पत्र लांबेल, कंटाळू नकोस.

पहिली गोष्ट, हेड, म्हणजे शाई उडवणारा भाग, गेला म्हणणाऱ्या त्या मेकॅनिकला अॅडव्हान्स देऊ नकोस. फ्लेक्सवर पट्टे दिसले की ‘हेड गेलं’ म्हणून मोकळं व्हायचं, ही या धंद्यातली जुनी खोड आहे. तुझे फोटो तसं म्हणत नाहीत. पहिल्या टेस्टमध्ये निळ्याच्या मधल्या रेघा गायब आहेत. क्लीनिंगनंतर त्या आल्या, पण खालच्या गेल्या. नोझल, म्हणजे हेडचं शाई सोडणारं बारीक छिद्र, खरंच सुकून चोक झालं असेल तर ते जागा बदलत नाही. दर टेस्टला तीच रेघ त्याच ठिकाणी गायब असते. गायब रेघा अशा फिरायला लागल्या की समजायचं, आत हवा शिरलीय किंवा शाई कमी पडतेय.

तू इतकी वर्षं आर्किटेक्टकडे एचपीचा प्लॉटर चालवलास, त्यामुळे ‘हेड बदललं की झालं’ हे तुझ्या डोक्यात बसलंय. तिथे शाई तापवून तिचा बुडबुडा करतात आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. हेड झिजणार हे धरलेलंच असतं, म्हणून ते आपल्याला घरच्या घरी बदलता येतं. तुझ्या आताच्या मशीनला एप्सनचं डीएक्स ५ हेड आहे. त्यात तापवणं नाही. वीज दिली की आतलं पिझो स्फटिक वाकतं आणि थेंब उडतो. आठ रांगा, एका रांगेत १८० नोझल, म्हणजे सगळी मिळून १,४४०. चार रंगांच्या मशीनवर दर रंगाला दोन रांगा येतात. थेंब मोजायचा पिकोलिटरमध्ये, आणि एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा जागेत हवा अडकली की स्फटिक दाबतं, हवा दबते आणि शाई ढिम्म हलत नाही. हेड ठणठणीत, तरी फ्लेक्सवर पांढरी रेघ.

आता तू सारखं क्लीनिंग मारतोयस त्याबद्दल. क्लीनिंगच्या वेळी हेड कॅपवर, म्हणजे रबरी कडेच्या छोट्या वाटीवर, बसतं, रबराची कड हेडला चिकटते आणि खालचा पंप नोझलमधून शाई ओढतो. ती कड एका कोपऱ्यात जरी उचललेली राहिली, तरी पंप शाईऐवजी बाजूची हवा ओढतो. मग तू किती का क्लीनिंग मारेनास! शाई वेस्टच्या बाटलीत जाते आणि टेस्ट आणखी बिघडते. माझा संशय पहिल्यापासून कॅपवरच आहे.

मशीन बंद कर, हेड वाहून नेणारी कॅरेज हाताने बाजूला घे आणि मोबाइलच्या टॉर्चने कॅप बघ. कॅरेज जागेवर अडकलेली असेल तर जोर लावू नकोस, आधी मशीन चालू असतानाच मेन्यूतून सोडव. समोरची कड सगळेच पुसतात. मागच्या बाजूला, जिथे बोट पोचत नाही, तिथे वाळलेल्या शाईचा काळपट, खरखरीत थर असतो. फोमची काडी क्लीनिंग लिक्विडमध्ये भिजवून कडेवर ठेव, थर मऊ होऊ दे आणि मग एकाच दिशेने ओढ. कान साफ करायची कापसाची काडी अजिबात नको, तिचा एक धागा सुटला तर तो नोझलवर जाऊन बसेल. रबर साफ केल्यावरही कड वाकडी किंवा फुगलेली दिसली तर कॅप बदलायचीच.

त्यानंतर कॅप लिक्विडने काठोकाठ भर आणि पाच मिनिटं थांब. लिक्विड आपोआप खाली गेलं तर पंपाची नळी किंवा तिचा सांधा गळतोय. तसंच राहिलं तर क्लीनिंग लाव आणि वेस्टच्या नळीकडे बघ. लिक्विड सरसर जायला हवं. हललंच नाही तर पंप किंवा नळी तुंबलीय, आणि त्यात हेडचा काही दोष नाही. वायपर, म्हणजे हेड पुसणारं पातं, तोही पुस. त्याच्या पात्यावर चिकट शाई राहिली की तो एका रंगाची शाई दुसऱ्यावर फासतो, आणि पिवळ्यात काळं मिसळलेलं दिसतं.

एवढं करूनही टेस्ट चांगली येते पण मीटरभर छापल्यावर निळा विरत जातो, असं झालं तर डॅम्पर, म्हणजे हेडवरची शाईची छोटी गाळणीची डबी, बघ. त्यातली जाळी तुंबली की गडद भाग छापताना शाई पुरत नाही. पण इथे माझं ऐक. डॅम्परला हात लावण्याआधी नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढ. डॅम्पर उपसताना हमखास थेंब सांडतो, आणि तो हेडच्या चपट्या केबलवर पडला आणि वीज चालू असली तर हेड आणि बोर्ड दोन्ही जातात. मी आजवर मेलेली हेड्स पाहिली ती बहुतेक अशीच मारलेली होती. केबलवर कोरडा टिश्यू गुंडाळ, काम झाल्यावर नीट तपास, मगच मशीन चालू कर.

सिरिंजने हेड फ्लश करणं हा अगदी शेवटचा उपाय. करायचंच झालं तर दट्ट्या दाबू नकोस, लिक्विड आपल्या वजनाने उतरू दे. अल्ट्रासॉनिकच्या भांड्यात हेड बुडवणारे लोक आहेत. मी त्यांच्या वाटेला जात नाही.

तुझी शाई इको-सॉल्व्हंट, म्हणजे सौम्य द्रावकाची, तेव्हा लिक्विडही त्याचंच वापर. डिस्टिल्ड वॉटर पाण्याच्या शाईला ठीक, इथे नको. थिनरने रबर फुगतं आणि हेडचा गोंद सुटतो. हातमोजे घाल, खिडकी उघडी ठेव, आणि वेस्टची शाई मोरीत ओतू नकोस.

प्रत्येक पट्टा नोझलचा नसतो, हेही लक्षात ठेव. टेस्ट अख्खी आहे आणि तरी ठरावीक अंतरावर आडवी रेघ येतेय, तर तो फीडचा, म्हणजे फ्लेक्स पुढे सरकवण्याचा, प्रश्न. पांढरी रेघ असेल तर मीडिया, म्हणजे छापायचा फ्लेक्स किंवा व्हिनाइल, जास्त सरकतोय, गडद असेल तर कमी. फ्लेक्स जड, व्हिनाइल पातळ, म्हणून स्टेप, म्हणजे एका खेपेला किती सरकायचं ते, प्रत्येकाची वेगळी लावायची, तीही हीटर तापल्यावर. अक्षरांना दुहेरी कडा दिसल्या तर हेडचं जाता-येतानाचं अलाइनमेंट बघ. चित्र मधेच सरकलं किंवा कॅरेज आपटली तर कॅरेजला जागा दाखवणाऱ्या एन्कोडर पट्टीवर शाई किंवा ग्रीस आहे. ती मऊ फडक्याने हलकेच पूस. सॉल्व्हंट लावलास तर पट्टीवरच्या बारीक खुणाच निघून जातील.

आमच्याकडे एप्रिलात दुपारची हवा इतकी कोरडी होते की सकाळी छान असलेली टेस्ट जेवून येईपर्यंत तुटते. दमटपणा चाळीस ते साठ टक्क्यांत राहिला तर त्रास नाही, तो दाखवणारा एखादा मीटर भिंतीला लाव. पावसाळ्यात उलटं. व्हिनाइलमागचा कागद ओल धरतो, मीडिया लाटा घेतो आणि हेडला घासतो. रोल जमिनीवर उभा ठेवू नकोस. गुरुवारी देखभालीसाठी इथे लाइट जाते, आणि छपाई चालू असताना गेली तर हेड कॅपवर न जाता मधेच उघडं राहतं. म्हणून मी हेड कॅपवर जाऊन बसेपर्यंत पुरेल एवढा यूपीएस ठेवलाय. तुमच्याकडचा वार कोणता ते बघून तूही सोय कर. सुट्टीच्या दिवशीसुद्धा चारही रंगांची एक बारीक पट्टी मारत जा.

आणि गणपतीच्या आधीच हे उरकून टाक. मंडळाचे कार्यकर्ते रात्री अकराला येऊन बसतात आणि सकाळी सहाला कमान उभी करायची असते. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता, छापणाऱ्याचा मॅजेंटा निम्मा गेलेला. भाऊ कावीळ झाल्यासारखे हात जोडून उभे, आणि खाली पन्नास शुभेच्छुकांचे फोटो, तेही पिवळे!

कॅप आणि वायपर माझ्याकडे नवे आहेत. उद्या स्वारगेटहून साताऱ्याच्या एसटीने कोणाच्या तरी हाती धाडतो. लावल्यावर तीन टेस्ट मार: लगेच एक, मीटरभर छापून दुसरी आणि रात्रभर मशीन बंद ठेवून सकाळी तिसरी. तिन्हींचे फोटो पाठव, मग ठरवू डॅम्पर उघडायचा का ते. तोवर पंपाच्या त्या तपासणीखेरीज क्लीनिंगच्या बटणाला हात लावू नकोस.

वहिनींना नमस्कार सांग. चिंगीची परीक्षा कधी संपतेय ते कळव.

तुझा,
बाळ्या