बाबांच्या निरोप समारंभाचं भाषण

सोन्या,

भाषण वाचलं रे तुझं, काल रात्रीच. चांगलं लिहिलंयस, कोयना जलविद्युत केंद्राच्या 1960 मेगावॅटची ओळ तर बाबांच्या साहेबांना फार आवडेल. पण मधे ते जे आहे ना, "बाबांनी घराकडे दुर्लक्ष करून सगळं आयुष्य नोकरीला वाहिलं", ते काढून टाक. समारंभात सगळेच असं बोलतात, ऐकायलाही बरं वाटतं, पण आपल्या घरात तसं झालेलं नाही, आणि मी पहिल्या रांगेत बसलेली असणार, उगाच मान डोलवायला मला जमणार नाही.

तुला काय आठवतं, तर दिवाळीत बाबा नसायचे. खरंय, नसायचे. कोळशाचं युनिट एकदा थंड पडलं की परत चालू करायला तासन् तास जातात, पाण्याचं मशीन काही मिनिटांत लोड घेतं, म्हणजे वीज द्यायला लागतं, म्हणून संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले की कोयनेला फोन, अमुक मशीन घ्या, तमुक वाढवा. म्हणजे आपल्याकडे दिवेलागणीची वेळ ती त्यांच्या गर्दीची वेळ, आणि पोफळीचं पॉवरहाऊस डोंगराच्या पोटात, एकदा माणूस "खाली" गेला की शिफ्ट संपेपर्यंत गेलाच.

पण दिवसा कोण असायचं रे घरी? माझी शाळा सकाळची, चिपळूणची एसटी पकडायला मी अंधारात निघायचे. नाईट करून बाबा यायचे, डोळे लालभडक, तसेच तुला उठवून आंघोळ घालायचे, भांग पाडायचे, डबा भरून शाळेत सोडून यायचे आणि मग कुठे झोपायचे. भांग कायम वाकडा, ते सोड. पालकसभेला सगळ्या आया आणि त्यात हे एकटे, शर्टच्या खिशाला टेस्टर लावलेला, तुझ्या बाईंना वाटायचं शाळेचा फ्यूज बघायला वायरमन आलाय. नऊ ते सहाच्या नोकरीतल्या किती बापांना हे जमलं असतं सांग मला. शिफ्टने दिवाळ्या नेल्या, पण दुपारी दिल्या की, आणि त्या दुपारी त्यांनी झोपेत नाही घालवल्या.

तू चौथीत असताना तुला टायफॉइड झाला होता, तेव्हाचा एक कागद अजून माझ्या कपाटात आहे, येशील तेव्हा दाखवते. जुन्या लॉगशीटची मागची बाजू, त्यावर पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेत, वेळ, ताप, लघवी, खाणं, शेरा. दर तासाला रीडिंग, पॉवरहाऊसमधे घेतात तसंच, वेळ पण चोवीस तासांची. 02.00 ला 103, शेऱ्यात "पट्ट्या चालू". 05.00 ला 101, "पेज तीन चमचे, थुंकली". आणि सकाळी कधीतरी "चिडचिड करतो, सुधारणा आहे." चिपळूणच्या डॉक्टरांनी तो कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, माझ्या नर्सना दाखवतो जरा. मला तेव्हा हसू पण आलं आणि रडू पण.

प्रमोशनचं तुला माहीत नसेल. तुझ्या बारावीच्या वर्षी ऑर्डर आली होती, वरची पोस्ट पण लांबच्या सबस्टेशनला, त्यांनी लिहून दिलं की नको. मी महिनाभर धड बोलले नाही त्यांच्याशी. त्याग वगैरे म्हणून भाषणात हे घालू नकोस, त्यांना आवडणार नाही आणि खरं सांगू का मला अजूनही तो निर्णय शंभर टक्के पटलेला नाही, पेन्शन नसलेल्या नोकरीत पगाराचा फरक लहान नसतो. पण घेतला त्यांनी, आणि परत कधी बोलूनही दाखवला नाही.

घरात पलंगाच्या डोक्याशी कधी शेल्फ नव्हतं, आठवतंय? तू किती भांडायचास पुस्तकांसाठी. बाबा पाटण तालुक्यातले, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते दीड वर्षाचे, फळीवरची भांडी ते झोपले होते तिथे कोसळली, आजीने त्याच्या जरा आधी उचललं म्हणून वाचले. त्यांना स्वतःला काय आठवणार, पण आजीने आयुष्यभर तेच सांगितलं आणि तुझ्या पलंगाच्या वर काही आलं नाही.

भाषणात घालायचंच असेल तर ते नऊ मिनिटांचं घाल. 5 एप्रिल 2020, रात्री नऊ वाजता सगळ्यांनी दिवे बंद करायचे होते, तू लॉकडाऊनमुळे घरीच होतास, गॅलरीत पणत्या लावून फोटो काढत होतास. अंदाज होता 12-14 हजार मेगावॅट लोड, म्हणजे विजेची मागणी, कमी होईल असा, आणि देशभरात पडला 31 हजारच्या आसपास. एवढा लोड एकदम गेला की फ्रिक्वेन्सी वर उसळते, मशीनं ट्रिप व्हायला, म्हणजे आपोआप बंद पडायला लागतात, ते सांभाळलं मुख्यतः पाण्याच्या मशीनांनी, आधी चढवून ठेवलेली, नऊच्या सुमारास भराभर उतरवली आणि नऊ मिनिटांनी परत चढवली. बाबा त्या रात्री खाली होते. सकाळी आले तर मला वाटलं आता सांगतील काय काय झालं, तर पहिला प्रश्न, पणत्या पडद्यापासून लांब लावल्या होत्या ना?

बाकी 31 मे ला ये, एक दिवस आधीच ये. शाळेत मास्तरांनी अंदाजाने 1 जून जन्मतारीख लावलेली, त्यामुळे 31 मे ला रिटायर, आणि कोयनेच्या पाण्याचं वर्षही त्याच दिवशी संपतं, वीज करून पश्चिमेकडे सोडायला वर्षाला ठरवून दिलेलं 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पण तेव्हाच मोजून पुरं करायचं असतं. स्टाफमधली पोरं म्हणतायत, साहेब कोटा संपवूनच चालले.

कराडच्या घराचं वायरिंग चालू आहे. अर्थिंगचा खड्डा मनासारखा झाला नाही म्हणून परत खणायला लावला, बाथरूमच्या स्विचची जागा दोनदा बदलली, आता म्हणतात बोर्डावर प्रत्येक एमसीबीला नाव लिहा. काल वायरमन मला हळूच विचारत होता, वहिनी, साहेबांना एक्सटेन्शन मिळत नाही का हो?

आई