देव्हाऱ्यातली शिवराई चिंचेनं घासू नका

संपादक महोदय, स. न. वि. वि.

महाद्वार रोडजवळ आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. मोडीत आलेल्या घागरी-डब्यांत जुनी नाणी निघायची, त्यातून मला हा नाद लागला. हल्ली लोक मोड घालायला कमी आणि नाणी दाखवायला जास्त येतात. हातात मोबाईल, त्यावर व्हिडिओ : भोकाचा पैसा द्या, दहा लाख घ्या. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी अशाच एका 'खरेदीदारा'ला आधी नोंदणी फी पाठवली, मग टॅक्स म्हणून आणखी पैसे पाठवले. त्यानंतर फोन बंद. पेन्शनचे पैसे होते ते. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही, कसलंही कमिशन मागत नाही. तरी बँकेचं नाव सांगून लुबाडणं चालूच आहे.

भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला. महायुद्धात तांब्याची टंचाई, म्हणून नाणं लहान केलं आणि मधे भोक पाडलं. पण पाडला कोट्यवधींनी, त्यामुळे आजही तो किरकोळ भावात मिळतो. त्याच १९४३ साली, त्याच टंचाईपायी अमेरिकेनं आपली पेनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची काढली. त्यात चुकून थोडी नाणी जुन्या काशाच्या चकत्यांवर छापली गेली. त्यातल्या एकेका नाण्याला लाखांहून जास्त डॉलर मिळालेत. साल एक, कारण एक, तरी किमतीत एवढं अंतर! नाणं किती जुनं यापेक्षा तसली किती उरलीत, कशी उरलीत आणि ती मागणारे किती आहेत, यावर भाव ठरतो. आपल्याकडे सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया असाच दुर्मीळ. म्हणून १९३८च्या रुपयातला शेवटचा आकडा कोरून ९ करणारेही आहेत. भिंगाखाली तो आकडा बघावा, आजूबाजूचा पत्रा खरवडलेला दिसतो.

मला खरी हळहळ वाटते ती शिवराईची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याची. परवा पन्हाळ्याकडचा एक तरुण देव्हाऱ्यातली शिवराई घेऊन आला. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. शिवराईचा ठसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच बसतात. याच्या शिवराईवर बसली होती, कडेचे मण्यांसारखे ठिपकेसुद्धा अर्धे शाबूत होते. पण आईनं रात्रभर चिंचेत भिजवून ती काथ्यानं लख्ख केलेली. तांबं गुलाबी झालेलं, 'श्री'च्या वेलांटीवर आडवे-तिडवे ओरखडे. वर्षानुवर्षं चढलेला तो काळपट थर म्हणजे मळ नव्हे, नाण्याची कातडीच ती. जाणकार आधी तोच बघतो. तो गेला की परत येत नाही, आणि भाव निम्म्याहून खाली येतो. कुणी पॉलिश करून देतो म्हणालं तरी देऊ नका. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, कडेनं धरा, बस्स.

अजून एक. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली तर कलेक्टर कचेरीत कळवावं लागतं, १८७८चा कायदा आहे तसा. वाटून घेऊन वितळवलेली नाणी कायमची गेली. आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीतून सातवाहन काळातली नाणी निघाली, त्यावरून कोल्हापूर तेव्हा कसं होतं हे कळलं.

ब्रह्मपुरीत सापडलेल्या वस्तू टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. तिथंच महिन्यातून एक दिवस जाणकारांनी बसून लोकांची नाणी मोफत ओळखून द्यावीत, अशी माझी विनंती आहे. शहरात चांगले संग्राहक आहेत, ते नाही म्हणणार नाहीत. मीही माझं भिंग आणि वजनकाटा घेऊन येईन. आपल्या दैनिकानं हा विषय लावून धरावा.

आपला,
एक भांडी व्यापारी, कोल्हापूर