दुसऱ्या गिटारची दखल घ्यायला हवी होती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिग्गज रॉक बँडच्या पुनरागमनाच्या अल्बमांविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा २०२० सालचा 'पॉवर अप' मात्र त्यात 'पुन्हा तेच ते' असे म्हणून एका ओळीत निकालात काढला आहे, म्हणून हे पत्र.

हा अल्बम कोणत्या परिस्थितीत झाला हे वाचकांना कळायला हवे होते. रिदम गिटार (गाण्याची लय धरून ठेवणारी साथीची गिटार) वाजवणारे आणि बँडचा कणा असलेले माल्कम यंग स्मृतिभ्रंशामुळे २०१४ मध्ये बँडपासून दूर झाले आणि १८ नोव्हेंबर २०१७ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, गेले. दौरा चालू ठेवल्यास ऐकण्याची शक्ती पूर्ण जाईल, असे २०१६ मध्ये डॉक्टरांनी बजावल्यामुळे गायक ब्रायन जॉन्सन यांना थांबावे लागले. बास गिटारवादक क्लिफ विल्यम्स त्याच वर्षी निवृत्त झाले. ड्रमवादक फिल रड तर आधीच बँडबाहेर होते. जॉन्सन, विल्यम्स आणि रड हे तिघे २०१८ मध्ये व्हँकुव्हरच्या स्टुडिओत पुन्हा एकत्र आले, आणि माल्कम यांनी मागे ठेवलेल्या कल्पनांमधून त्यांच्या धाकट्या भावाने, मुख्य गिटारवादक अँगस यांनी, गाणी उभी केली. बाराही गाण्यांच्या श्रेयात या दोघा भावांचीच नावे आहेत.

माल्कम यांचे काम काय होते, हे समजून घ्यायचे असेल तर बँडचा १९८० चा अल्बम 'बॅक इन ब्लॅक' हेडफोन लावून ऐकावा आणि उजव्या कानावरचा भाग बाजूला करावा. डाव्या कानात त्यांची गिटार स्वच्छ वेगळी ऐकू येते. जाड तारा, गिटारवर ठेवलेले एकच पिकअप (तारांची कंपने टिपणारा भाग), आणि आवाजात आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी कमी खरखर. सूर वाजताच हात तारांवर टेकतो, क्षणभर काहीच वाजत नाही, आणि पुढचा आघात नेमका त्या रिकाम्या जागेमुळे अंगावर येतो. आधीचे गायक बॉन स्कॉट यांच्या मृत्यूनंतर सुमारे पाच महिन्यांत आलेला तो अल्बमही याच हाताच्या आधाराने उभा राहिला होता.

'पॉवर अप'मध्ये माल्कम यांची जागा त्यांचे पुतणे स्टीव्ही यंग यांनी सांभाळली आहे. 'शॉट इन द डार्क' हे त्यातले गाणे ऐकताना जाणवते, की त्यांनी स्वतःची कलाकुसर दाखवण्याचा मोह कटाक्षाने टाळला आहे, आणि माझ्या मते या अल्बममधील सर्वांत अवघड काम तेच आहे. मधली काही गाणी एकमेकांसारखी वाटतात, हे लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे. पण गेलेल्या भावाच्या चालींवर काम करताना अँगस यांनी नवी वाट शोधायला हवी होती, ही अपेक्षा मला मुळातच पटत नाही.

या विषयावर पुढे लिहिले जाईल तेव्हा गायक आणि मुख्य गिटारवादकांबरोबर रिदम गिटार वाजवणाऱ्याचेही नाव घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक